एकशे बारा कोबी आणि एक बिनघराचं दार

खुडबुडराव हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पाळण्यातलं नाव आईबरोबर गेलं. करकचेरीच्या नोटिशीवर ते अचानक छापून आलं तेव्हा पोस्टमन अर्धा तास त्या इमारतीचे जिने चढत-उतरत राहिला. शेवटी तळमजल्यावरच्या बाईंना त्याची दया आली. "अहो, खाली तळघरात खुडबुड करतो ना, तोच असेल. पण दार वाजवून उपयोग नाही हं. तिथं दिवसभर कोणी ना कोणी दार वाजवतच असतं."

खरंच होतं ते. तळघरात खोलीच्या मधोमध एक दार उभं होतं, चौकटीसकट, कडी-कोयंड्यासकट. अलीकडे तळघर, पलीकडेही तळघरच. त्या दाराला घर नव्हतं, पण आजवर तीसेक सिनेमांतले खुनी, प्रियकर आणि दूधवाले त्यातूनच आत आले होते.

खुडबुडरावाचा धंदा सिनेमाला आवाज पुरवण्याचा. गाणी नव्हेत, संवाद नव्हेत; ते सोडून उरलेलं सगळं. पडद्यावर नायक ऐटीत चालतो, पण बूट वाजतात ते तळघरातल्या खुडबुडरावाचे. कोणाचं डोकं भिंतीवर आपटलं तर खरं फुटतं ते कोबीचं. हाड मोडतं ते गाजराचं. पाखरू उडतं ते कातडी हातमोज्यांचं. बर्फातून कोणी चाललं तर मक्याचं पीठ भरलेली पिशवी मुठीत चेपायची, करकच, करकच. हे काम चालू असलं की वरची माणसं भर उन्हाळ्यात कपाटातून स्वेटर काढायची. एकदा त्याने 'जिना चढून येणारा वसुलीवाला' वाजवला, तर तिन्ही मजल्यांवरचे दिवे पटापट बंद झाले आणि दारांआडून एका सुरात उत्तर आलं, "घरात कोणी नाही!"

ही विद्या त्याला एका म्हाताऱ्या वस्तादांनी शिकवली होती, आणि विद्येबरोबर एक सवयही लावली होती. आवाज करण्याआधी यंत्र चालू करायचं आणि मोठ्याने बोलायचं. सामान काय, कुठून आणलं, केवढ्याला आणलं. मग हात लावायचा. "उद्या दिग्दर्शक म्हणाला की तस्संच डोकं पुन्हा फुटलं पाहिजे," वस्ताद म्हणायचे, "तर तस्साच कोबी पुन्हा आणता आला पाहिजे. कोबी कोबीत फरक असतो बाबा." खुडबुडराव हे सगळं इमानाने बोलायचा, आणि काम सिनेमावाल्यांकडे पाठवताना इमानाने कापून टाकायचा. या बोलण्याला त्याने नावच 'बडबड' ठेवलं होतं. मूळ ध्वनिमुद्रण मात्र तो जपून ठेवी, कारण टाकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

आता, ज्याला नोकरी नाही त्याला मालक नसतो हे खरं. पण मालकाच्या जागी एक फॉर्म असतो. स्वतंत्र व्यावसायिकाने वर्षातून एकदा तो भरायचा, मिळकत लिहायची, धंद्यासाठी केलेला खर्च लिहायचा, आणि देव पाण्यात ठेवून बसायचं. खुडबुडरावाने यंदा खर्चाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं होतं. कोबी एकशे बारा. गाजरं, सहा पोती. बूट एकतीस जोड आणि वर नऊ सुटे डावे. वाळू तीन प्रकारची. दार एक. मक्याचं पीठ, बर्फासाठी.

नोटीस म्हणत होती की हा खर्च धंद्यासाठीच झाला याचा पुरावा घेऊन शुक्रवारी दुपारी अडीच वाजता समक्ष हजर राहावं, नाहीतर सगळा खर्च नामंजूर.

"मग त्यात काय घाबरायचं?" त्याची बायको म्हणाली. ती औषधाच्या दुकानात पगारी होती. तिचा कर पगार हातात यायच्या आतच परस्पर कापला जाई, त्यामुळे तिला करकचेरीची भीती ठाऊक नव्हती. "पावत्या आहेत ना? मी स्वतः बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्यात. वर्षभराच्या. महिन्यावार."

खुडबुडराव काहीच बोलला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या माणसाकडून काहीच आवाज आला नाही अशी ही पहिलीच वेळ.

"अहो. डबा कुठाय?"

"डबा आहे."

"आणि पावत्या?"

"अगं, ती जंगलाची आग होती ना गेल्या महिन्यात..."

झालं होतं ते असं. दिग्दर्शकाला वणव्याचा आवाज हवा होता, आणि खुडबुडरावाने वाळकी पानं चुरगाळली, चकचकीत कागद चुरगाळला, काटक्या मोडल्या. पण ते सगळं शेकोटीच वाटे, वणवा नाही. मग सहज म्हणून त्याने डब्यातली एक पावती चुरगाळली. दुकानातल्या यंत्रातून निघते ती, पातळ, गुळगुळीत, कडक. आणि त्याच्या अंगावर काटा आला. ठिणगी! अस्सल! मग काय, एक, दोन, दहा करता करता आख्खं वर्ष दोन्ही हातांनी चुरगाळून झालं. आवाज इतका हुबेहूब झाला की वरच्या मजल्यावर राहणारा निवृत्त बंबवाला दुपारच्या झोपेतून ताडकन उठला. तीस वर्षं आगी विझवलेला माणूस तो. नुसत्या कानाने त्याने ओळखलं की लाकूड सुरूचं आहे आणि वारा पश्चिमेचा आहे, आणि तळघराच्या झरोक्यातून त्याने पाण्याच्या चार बादल्या उपड्या केल्या. आग विझली. पावत्यांचा लगदा झाला.

"म्हणजे तुम्ही आपल्या पावत्या वाजवल्या," बायको सावकाश म्हणाली.

"पण काय वाजल्या म्हणून सांगू!"

बायकोने कपाळावर हात मारला. त्याचाही आवाज बरा आला, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

खर्च नामंजूर झाला तर कर इतका होणार होता की तळघर सोडावं लागलं असतं, हे दोघांनाही गणित न करता कळत होतं. आणि संकट आलं की बातमीच्याही आधी बायकोचा दादा यायचा, तसा तो आला. मेहुणा वाईट माणूस नव्हता. उलट फार चांगला, आणि तीच तर पंचाईत होती. त्याचा कारखाना होता कानात घालायच्या बोळ्यांचा. झोपताना आवाज येऊ नये म्हणून लोक घालतात ते मऊ बोळे. धंदा जोरात होता. पहिलं गिऱ्हाईक त्याची स्वतःची बायको होती, कारण मेहुणा जेवून आडवा झाला की असा घोरायचा की खिडक्यांच्या काचा चौकटीतल्या चौकटीत कूस बदलायच्या. ही गोष्ट जगात एकाच माणसाला मान्य नव्हती. "मी? घोरतो? आमच्या घराण्यात कोणी घोरत नाही."

"भावजी," मेहुणा म्हणाला, "कर मी भरतो. पण ही खुडबुड आता पुरे. सोमवारपासून माझ्याकडे या. तपासनीस म्हणून. काचेच्या बंद खोलीत बसायचं, कानात बोळे घालायचे, आणि काही ऐकू आलं नाही की वहीत लिहायचं, 'काही ऐकू आलं नाही.' आठ तास. जेवणाची सुट्टी. पेन्शन."

खुडबुडरावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं.

"शुक्रवारी कागद मान्य झाले तर नाही येणार," तो शेवटी म्हणाला. "नाही झाले तर सोमवारी येतो."

"शब्द?"

"शब्द."

मेहुण्याने त्याच संध्याकाळी नेमणुकीचं पत्र टंकून घेतलं. चांगल्या जाड कागदावर.

शुक्रवारी खुडबुडरावाने पिशवीत एक कोबी, दोन गाजरं, एक डावा बूट, हातमोजे आणि छोटं ध्वनिमुद्रणयंत्र घातलं. यंत्रात वर्षभराचं काम होतं. विचार त्याचा साधा होता. पावत्या नाहीत तर नाहीत, आवाज तर आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? मेहुणा पोटभर जेवून, पत्र खिशात घालून, पाठराखणीला आला.

कचेरीतल्या तपासणी अधिकारी बाईंना गावातले सगळे स्वतंत्र व्यावसायिक 'कात्री' म्हणत. शिकवणीवाले, भाषांतरवाले, वाढदिवसाला येणारा विदूषक, सगळ्यांनी तिची धार अनुभवली होती. विदूषकाच्या लाल नाकांपैकी एक तिने घरगुती वापरात टाकलं होतं, कारण त्याला सर्दी झाल्याचा दाखला तिला सापडला होता. बाई लहानखुऱ्या, टेबल मोठं, आणि टेबलावर तीन पेनं ओळीने. मेहुणा दाराजवळच्या खुर्चीत बसला.

"पावत्या?" कात्रीबाई म्हणाल्या.

खुडबुडरावाने लगद्याची पुरचुंडी टेबलावर ठेवली. बाईंनी ती पेनाच्या टोकाने उलटी केली.

"हे काय आहे?"

"वणवा, मॅडम."

त्याने सगळी हकीकत सांगितली. सुरूच्या लाकडापर्यंत, बंबवाल्यापर्यंत, बादल्यांपर्यंत. बाईंच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"या खुर्चीत बसून मी पुष्कळ ऐकलंय," त्या म्हणाल्या. "कुत्र्याने खाल्ल्या, सासूने जाळल्या, भाच्याने त्यांची विमानं केली. इथं कागद बोलतो. माणूस नाही."

"मग आवाज बोलला तर?" असं म्हणून खुडबुडरावाने यंत्राची कळ दाबली.

धाडकन एक डोकं फुटलं. बाहेरचा कारकून फाईल घेऊन आत येत होता, तो फाईल टाकून आल्या पावली परत गेला. मग दोन हाडं मोडली. मग बर्फातून कोणीतरी चालत आलं आणि बाईंनी नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला. दर दोन आवाजांच्या मध्ये खुडबुडराव अंगठ्याने कळ दाबून यंत्र पुढं पळवी, आणि तेवढ्यात चिमण्यांची भांडणं व्हावीत तसा किचकिच आवाज येई.

"कला छान आहे," बाई म्हणाल्या, आणि डाव्या बाजूचं पेन उचललं. लाल शाईचं होतं ते. "पण डोकं फुटलं हे कळलं, कोबी कुठं कळला? तो विकत घेतला की शेजाऱ्याच्या परसातून उपटला, आणि एक फोडला की एकशे बारा, हे या आवाजात कुठं आहे?"

खुडबुडरावाला मागून मेहुण्याच्या खिशातल्या पत्राची चाहूल लागली. तो जाड कागदाचा आवाज कुठेही ओळखी. दोन अंगठ्यांनी त्याने घाईघाईने आणखी एक डोकं शोधायला सुरुवात केली. किचकिच, किचकिच.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधलं काय पळवताय?"

"काही नाही, मॅडम. ती नुसती बडबड आहे. कचरा."

बावीस वर्षं करकचेरीत काढलेल्या माणसाला 'काही नाही' याच्याइतका दुसरा गोड शब्द नाही. बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"जे पळवताय तेच ऐकवा."

"मॅडम, त्यात घरगुती काही आहे..." त्याने चोरून मागे पाहिलं. मेहुण्याची मान छातीवर पडली होती. दुपारची वेळ, पोट भरलेलं.

"ऐकवा."

खुडबुडरावाने डोळे मिटले आणि कळ सोडली.

"कोबी तेविसावा," यंत्रातून त्याचाच आवाज आला, निवांत, जरा शेंबडा, कारण तो हिवाळा होता. "बाजारातून, कोपऱ्यावरच्या उंच बाईंकडून. नऊला. तारीख अठरा. घट्ट आहे, पैलवानाच्या डोक्याला चालेल." आणि धाडकन.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

"पुढे."

"गाजरं, एक पोतं. गोदामातून. पोत्याला साठ, हमाली वेगळी. तारीख वीस." कडाक्.

"डावा बूट, जुन्या बाजारातून. उजवा हरवलाय म्हणाला, म्हणून निम्म्यात." टाक्, टाक्, टाक्.

बाईंनी मागच्या कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली, आणि बोट ठेवत ठेवत एका पानावर थांबल्या. "मूळ पावत्या नष्ट झाल्यास," त्यांनी वाचलं, "खर्चाच्या वेळीच केलेली नोंद ग्राह्य धरावी." त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. "नोंद बोललेली असू नये, असं कुठंही लिहिलेलं नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदाच करकचेरीने मधलं, निळं पेन उचललं. "पहिल्यापासून लावा. सगळं."

मग जे झालं ते त्या कचेरीत आजही सांगतात. अडीचपासून पाचपर्यंत त्या खोलीत डोकी फुटत होती, घोडे दौडत होते, आणि बाई खुणा करत होत्या. कारकून दारातून हळूच आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. एकाने तर खुर्ची आणली. पण कात्री शेवटी कात्रीच.

"कोबी अठ्ठेचाळिसावा," यंत्र म्हणालं, "दहाला. वा, हा तर गोड निघाला. फोडायला जिवावर येतंय. संध्याकाळी हिलाच देतो चिरायला."

"खाल्ला?" बाईंनी विचारलं.

"खाल्ला," खुडबुडरावाने मान खाली घातली.

"अठ्ठेचाळिसावा नामंजूर. एकशे अकरा. पुढे."

पुढचं काय आहे ते खुडबुडरावाला माहीत होतं. त्याचा अंगठा कळीकडे गेला, पण बाईंच्या नजरेने तो अर्ध्या वाटेतच परत आला.

"राक्षस," यंत्र हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत म्हणालं. "गुहेत झोपलेला. सामान: मेहुणा. कुठून आणला: रविवारी जेवायला आला होता, कोचावर पडलाय. केवढ्याला: फुकट."

आणि राक्षस घोरला. टेबलावरची पेनं एका दिशेने घरंगळली. तो सिनेमा त्या साली सगळ्या गावाने पाहिला होता. त्या गुहेपाशी थिएटरात मुलं आईच्या कुशीत तोंड लपवायची. भिंतीला टेकलेला कारकून ओरडला, "अरे! हा तोच!" तेवढ्यात दुसरा राक्षस सुरू झाला. तस्साच, तीच खर्जातली घरघर, शेवटी तीच शिट्टी, फक्त हा दाराजवळच्या खुर्चीतून येत होता. दोघांचा ताल जुळला. छताचा पंखा बंद होता, तो फिरायला लागला. कित्येक वर्षांपासून अडकून बसलेला रेकॉर्ड-कपाटाचा खण आपोआप उघडला आणि त्यात हरवलेली एकोणीस प्रकरणं सापडली. कमी नाही, एकोणीस.

मेहुणा दचकून जागा झाला. खुर्चीतला राक्षस थांबला, यंत्रातला चालूच राहिला.

"कोण घोरतंय?" मेहुणा रागाने म्हणाला. "काय माणूस आहे! लाज नाही वाटत?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो यंत्राकडे पाहत राहिला. शिट्टी आली, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. कारण त्या शिट्टीच्या मागे, बारीकशी, त्याच्या बहिणीची हाक होती, "दादा, कूस तरी बदल रे!"

"भावजी," तो म्हणाला. "मी?"

"दादा, रागावू नका," खुडबुडराव म्हणाला. "मी वाघ करून पाहिले, पाणबुडी करून पाहिली. तुमच्यासारखं काही मिळालं नाही हो."

"तो राक्षस... मी आहे?" मेहुणा उठून उभा राहिला. "माझी पोरं तो सिनेमा चार वेळा पाहून आली! धाकटी अजून त्याच्यासारखं घोरून दाखवते!" त्याची छाती चार बोटं फुगली. "आणि मला कोणी बोललं नाही!"

"बसा," कात्रीबाई म्हणाल्या. दोघेही बसले. "खर्च मंजूर. एक कोबी वगळून. दारासकट." त्यांनी निळ्या पेनाने सही केली, शिक्का मारला, आणि कागद खुडबुडरावापुढे सरकवला. तो त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि कानाशी नेला. इतका सुंदर कागद त्याने आजवर ऐकला नव्हता.

"पण हे 'फुकट' चालणार नाही," बाई पुढं म्हणाल्या. "दुसऱ्याच्या आवाजावर तुम्ही मिळकत केलीत. यांना मोबदला द्यायचा. आणि यांनी तो दाखवायचा." त्यांनी खणातून एक कोरा फॉर्म काढला, तोच, स्वतंत्र व्यावसायिकांचा, आणि मेहुण्याच्या हातात दिला.

मेहुण्याने चष्मा लावला. पहिल्याच रकान्यात बोट ठेवून तो अडला. "व्यवसायाचं स्वरूप. इथं काय लिहू?"

"जे करता ते," बाई म्हणाल्या.

मेहुण्याने घसा साफ केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: घोरणे. मग जरा विचार करून पुढे वाकला. "मॅडम, कोच खर्चात धरता येईल का? आणि उशी? आणि जेवण, कारण उपाशीपोटी माझा तो खर्ज लागत नाही..."

"पावत्या ठेवा," बाई म्हणाल्या.

खुडबुडराव हसत होता, पण त्याची नजर मेहुण्याच्या खिशावर होती. तिथून नेमणुकीचं पत्र अर्धं बाहेर डोकावत होतं.

"दादा, ते आता लागणार नाही ना? द्या की मला."

मेहुण्याने ते काढून दिलं. खुडबुडरावाने यंत्राची कळ दाबली, पत्र तोंडासमोर धरलं आणि सवयीने बोलायला लागला, "कागद, जाड, नेमणुकीचा. मेहुण्याच्या खिशातून. केवढ्याला..." तो थांबला. कात्रीबाईंनी पेन उचललं होतं.

"पंचवीसला," मेहुणा म्हणाला, फॉर्मवरून मान न उचलता. "आणि भावजी, पावती मागू नका. तुम्ही तिलाही आग लावाल."